अर्धीच नेलेली चाल

अण्णांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, पण त्यांच्या एका प्रश्नानं मला वर्षभर पळवलं. प्रश्न साधाच होता. संध्याकाळी ते प्रेसमधून यायचे, मोरीवर उकिडवे बसून रॉकेलच्या बोळ्यानं हाताची शाई काढायचे, आणि मी आतल्या खोलीत गुणगुणत असले की तिथूनच विचारायचे, "विशू, गातीस ते ठीक हाय. पण काय गातीस?" मला सांगता यायचं नाही. मी जे गात होते त्याला अर्थच नव्हता. ते मराठी नव्हतं, हिंदी-उर्दू नव्हतं, इंग्रजी तर नव्हतंच. ती भाषा छावणीतल्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये आम्ही बावीस जणांनी मिळून तयार केली होती आणि तिला नावसुद्धा नव्हतं. आम्ही तिला नुसतं 'आपली' म्हणायचो. "चला, आता आपलीत गाऊ," असं आम्हाला गाणं शिकवणारे सॉलोमन सर म्हणाले की बावीस तोंडं एकदम उघडायची. आता हे रॉकेलचा बोळा घेऊन बसलेल्या माणसाला कसं समजावायचं? मी आपली "काही नाही, असंच" म्हणून पुस्तकात तोंड घालायची.

अण्णा गुलमंडीजवळच्या एका छोट्या प्रेसमध्ये खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीत उलटं बसवायचं, पान बांधून मशीनवर द्यायचं, हा त्यांचा धंदा. लग्नपत्रिका, श्रद्धांजलीची पत्रकं, शाळांचे अहवाल, सगळी अक्षरं त्यांच्या बोटांखालून जायची. शिवाय वस्तीतली जयंतीची गाणी लिहायचे तेही अण्णाच, आणि मिरवणुकीत ट्रॉलीवर उभं राहून गायचेही. त्यांच्या गाण्यात एक शब्द फुकटचा नसायचा. ऐकणाऱ्याला घरी जाताना एक तरी ओळ पाठ झाली पाहिजे, अशी त्यांची जिद्द असायची. त्यामुळे माझं 'असंच' त्यांना जास्तच लागायचं. एकदा ते हात पुसता पुसता म्हणाले, "आपल्या लोकांला पिढ्यान् पिढ्या कुणी अक्षराला शिवू दिलं नाय. आता कुठं हाती आलंय, आन् तू बिनअक्षराचं गातीस व्हय?" आज साठी ओलांडल्यावरही मला या प्रश्नाचं धड उत्तर सुचलेलं नाही. बरं, तो प्रश्न चुकीचा होता असंही म्हणवत नाही.

घरात आम्ही तिघं. अण्णा, मी आणि अण्णांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर आत्या फुलंब्रीहून आली आणि चूल तिनं ताब्यात घेतली. ज्वारीच्या भाकऱ्या, अंबाडीची भाजी, येसर घातलेली आमटी, कधी सुकट. आत्याचा हात तिखट होता आणि तोंड त्याहून. पण एक काम तिच्याकडे कधी गेलं नाही. रविवारी सकाळी पाट्यावर चटणी वाटायची ती अण्णांनीच. हिरव्या मिरच्या, लसूण, भाजलेले शेंगदाणे, जाडं मीठ. तो पाटा आईचा होता. आत्या पहिल्या वर्षी एकदा त्यावर बसली, तर अण्णा काही न बोलता समोर उभे राहिले आणि ती उठेपर्यंत तिथंच राहिले. "बरं बाबा, वाट तूच. माझे हात काय शिवशिवत नव्हते वाटायला," असं पुटपुटत ती चुलीकडे गेली, ती त्या पाट्याला पुन्हा शिवली नाही. अण्णा वाटायला बसले की त्यांच्या गळ्यातून एक चाल निघायची. वरवंटा पुढं जाताना चढायची, मागं येताना उतरायची. शब्द नसायचे. नोरे हाले, नोरे हाले, लोमि ना रे, असं काहीबाही. गाण्याला बोल सापडायच्या आधी सगळेच गाणारे असं काहीतरी तोंडात घोळवतात, अण्णाही प्रत्येक नव्या गाण्याच्या वेळी घोळवायचे. मग आठवड्याभरात तिथं बोल यायचे. या एका चालीला मात्र वर्षानुवर्षं बोल आले नाहीत. चटणी झाली, बोटानं पाट्यावरची वाटीत निपटली, की चाल तिथंच थांबायची आणि वर पाणी पडायचं. मला वाटायचं, चाल तेवढीच आहे.

छावणीत मला नेलं रझियानं. माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचे अब्बा हिमरू शाली विणायला मागावर बसायचे, आणि ती स्वतः चालताना, जेवताना, परीक्षेच्या पेपरातसुद्धा गुणगुणायची. एक दिवस म्हणाली, "चल ना गे विशाखा. सर फीस बीस नै लेते. गला होना, बस." सॉलोमन सर पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करायचे. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. लहानपणापासून चर्चमध्ये चार आवाजांत गाणं शिकलेले, तरुणपणी कव्वालांच्या संचात पेटी वाजवलेले, आणि दुरुस्तीच्या निमित्तानं गावोगावच्या भजनी मंडळांत बसलेले. त्यांच्या डोक्यात हे सगळं एकत्र वाजत असावं. ते बाहेर काढायला त्यांना माणसं हवी होती. त्यांनी ती कुठून कुठून गोळा केली. चितेगावच्या कारखान्यात पाळी करणारे दोघं, एक नर्सबाई, दर तालमीला फुलंब्रीहून सायकल टाकून येणारा कचरू, दोन शिक्षिका, पोस्टातले एक काका, रझिया आणि मी.

पहिल्याच महिन्यात भाषेवरून भांडण झालं होतं म्हणे, मी जायच्या आधी. मराठीत गायलं की कोणीतरी विचारायचं, हे अभंगासारखं का आहे? उर्दूत गायलं की अर्धे नुसते ओठ हलवायचे. चर्चचं गाणं घेतलं की कचरूची आई पुढच्या तालमीला त्याला घरातून सोडायची नाही. ज्याची भाषा, तो घरचा आणि बाकीचे पाहुणे. सरांनी तीन आठवडे हे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "आजपासून इथं कोणीच घरचं नाही. सगळेच अडाणी. चालेल?" आणि त्यांनी एक काम दिलं. प्रत्येकानं आपल्या घरातून एक आवाज आणायचा. शब्द नाही, आवाज. बाळाला थोपटताना निघतो तो, ओझं उचलताना निघतो तो, कोंबड्या बोलावताना निघतो तो. माणूस बोलायला लागण्याच्या आधीचा.

ते आवाज लिहायला सरांची एक लांबट वही होती. तिच्यात तीन रकाने. पहिल्यात आवाज, दुसऱ्यात तो कुणाचा, आणि तिसऱ्याचं शीर्षक 'विचारलं?' हा तिसरा रकाना सरांचा खास कायदा होता. ज्याचा आवाज त्याला घरी जाऊन विचारायचं, आणि तो हो म्हणाला तरच इथं आणायचा. "माणसाचा सदरा न विचारता घालाल का?" ते म्हणायचे. "मग हा तर गळ्यातला आहे." कचरूनं आपल्या आजोबांना विचारून बैल पाण्यावर नेतानाची हुर्र-हो-हो आणली. रझियानं अब्बांना विचारून मागाचा ठेका आणला. अब्बा तर इतके खूश झाले की तिच्याबरोबर सगळ्यांसाठी नान-कलियाचा डबा धाडला. नर्सबाईंनी एका म्हाताऱ्या पेशंटला विचारलं होतं. तो दुखणं आवरताना जो 'आलो-ए, आलो-ए' करायचा तो. म्हातारा हसून हो म्हणाला होता म्हणे. अशा बावीस जणांच्या आवाजांतून सरांनी हळूहळू 'आपली' उभी केली. कुठं स्वर लांबवला, कुठं दोन आवाज जोडले, आणि बघता बघता तिच्यात ओळी पडायला लागल्या.

ते गाणं कसं होतं, हे सांगायला आजही मला जड जातं. एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला ढोलकी, मध्ये आम्ही चार गटांत उभे. खालचे आवाज नुसता एकच स्वर धरून ठेवायचे, जमिनीसारखा. त्यावर मधले दोन गट एकमेकांत मिसळायचे, आणि वरून रझियाचा आवाज यायचा. कव्वालीतल्यासारखी टाळी मध्येच पडायची आणि अंगावर काटा यायचा. माझ्या शेजारी उभ्या बाईचं आडनाव काय, ती कुठल्या देवाला जाते, जाते की नाही, हे मला महिनोन् महिने माहीत नव्हतं. पण तिचा श्वास कुठं तुटतो ते माहीत होतं, कारण तिथं मी माझा लांबवायचा असा नियम होता. पुढं आयुष्यात मी पुष्कळ संगीत ऐकलं, मोठमोठ्या हॉलमध्ये तिकीट काढून ऐकलं. हल्ली नात फोनवर कुठली कुठली परदेशी वृंदगाणी लावते, तीही मी मन लावून ऐकते. पण त्या गळक्या पत्र्याखाली ऐकलं तसं नाही. हे म्हातारपणाचं कौतुक आहे असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

आता माझा गुन्हा. नवी म्हणून मला सरांनी दोन महिने सूट दिली होती. मग एका बुधवारी ते म्हणाले, "विशाखा, तुमचा आवाज राहिलाय." मी काहीच ठरवून आले नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या तोंडून आपोआप आलं ते पाट्यावरचं. नोरे हाले, नोरे हाले, लोमि ना रे. एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं. सरांनी हळूच ऑर्गनवर खालचा स्वर दाबला आणि मला खुणेनं परत म्हणायला लावलं. मग वही उघडली. "कुणाचा?" "माझ्या वडलांचा." "विचारलं?" मी "हो" म्हणाले. एवढं सोपं होतं ते. सरांनी तिसऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली.

मला वाटलं होतं, बाकीच्या आवाजांत हाही एक मिसळून जाईल. झालं उलटंच. सरांनी त्या चालीवर आख्खं गाणं बांधलं. खालच्यांना वरवंट्याचं जाणं-येणं दिलं, अर्थात तो वरवंटा आहे हे मी सांगितलं नव्हतं. मधल्यांना कचरूचं हुर्र-हो दिलं. चाल माझ्याकडे आणि रझियाकडे. शेवट मात्र सरांना सापडेना. चाल जिथं थांबायची तिथं ती उघडीच राहायची. सर म्हणायचे, "हे संपत नाही, तुटतं." शेवटी त्यांनी तिथं सगळ्यांना एकदम गप्प केलं आणि तेच ठेवलं. ऐकणारे म्हणायचे, काय धाडस आहे! मला मात्र प्रत्येक वेळी तिथं पाट्यावर पाणी ओतल्याचा आवाज ऐकू यायचा.

कार्यक्रम ठरला. एका शाळेच्या सभागृहात, शनिवारी संध्याकाळी. मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा जेवत होते. भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "येतो मी. एकदा काय हाय ते ऐकतो. बरं वाटलं तर जा पुढं, नाय तर परीक्षा झाली की बंद." आत्या म्हणाली, "मंग मीबी येते. पोरगी बोंबलती का गाती ते तरी कळंल." मी ताटावरून तशीच उठले. दोन गोष्टी मला एकदम कळल्या. अण्णांना आवडलं नाही तर माझं गाणं सुटणार. आणि त्यांना काय ऐकू येणार आहे, ते मलाच फक्त माहीत होतं. जे त्यांनी सात-आठ वर्षं आपल्या बहिणीलाही शिवू दिलं नव्हतं, ते मी बावीस जणांत वाटून बसले होते.

गुरुवारी कॉलेज बुडवून मी प्रेसमध्ये गेले. विचारायचंच, असं ठरवून. अण्णा उभ्यानं एक लग्नपत्रिका जुळवत होते. मला बघून घाबरले. "काय झालं? आत्या बरी हाय ना?" मी म्हटलं, सहज आले. सहज! त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूच यायला लागलं. त्यांनी मालकाला हाक मारून सांगितलं, "माझी पोरगी. बीएला हाय. शनिवारी तिच्या गाण्याचा कार्यक्रम हाय." हात पुसले, मला गुलमंडीच्या कोपऱ्यावर नेलं आणि गरम इमरती घेऊन दिली. स्वतः खाल्ली नाही. मी खात असताना बघत उभे राहिले. आता विचारते, आता विचारते, असं करत मी ती इमरती शेवटच्या पाकासकट खाल्ली आणि घरी आले. इतकं गोड खाऊन तोंड इतकं कडू माझं पुन्हा कधी झालं नाही.

शनिवारी स्टेजमागं सरांनी मला बाजूला घेतलं. "तुमचे वडील येणार ना? बरं झालं. त्यांचा आवाज आहे, त्यांचं नाव घेऊन आभार मानतो." मी घाईघाईनं म्हटलं, नको सर, त्यांना आवडत नाही. सर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. "विशाखा, विचारलंय ना?" तेव्हा नाही म्हणता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर सरांनी ते गाणं काढून टाकलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं, आणि बावीस जणांची चार महिन्यांची मेहनत माझ्यामुळे वाया गेली असती. मी दुसऱ्यांदा हो म्हणाले.

अण्णा तिसऱ्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. शेजारी आत्या. पहिल्या दोन गाण्यांना ते मान तिरकी करून ऐकत होते, प्रूफ तपासताना करायचे तशी. ढोलकी आली तेव्हा गुडघ्यावर बोटं हलली. मग आमचं गाणं सुरू झालं. आधी खालच्यांचा वरवंटा. अण्णांची बोटं थांबली. मग मी आणि रझिया. नोरे हाले. मी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. मान खाली घालून आपल्या तळहातांकडे बघत होते. बावीस आवाज चढत गेले, सभागृह भरून गेलं, आणि मग सगळे गप्प झालो. टाळ्या पडायच्या आधीच अण्णा उठले आणि रांगेतून वाट काढत बाहेर गेले. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले होते, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. रझियाच्या आलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

घरी आले तर अण्णा ओट्यावर बसलेले. "हात धू आन् जेव," एवढंच बोलले. आत्या आत माझ्या कानाशी आली. "काय केलंस गं? सबंद रस्ता तोंडातून शब्द नाय काढला त्यानं." दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा पाट्यावर बसले. मिरच्या, लसूण, शेंगदाणे, मीठ. वरवंटा पुढं गेला, मागं आला. तोंडातून आवाज नाही. नुसता दगडावर दगड. मी चुलीपाशी बसून ते ऐकत होते, आणि मला वाटलं, हे मी बंद केलं. आईच्या आठवणीचं काय उरलं होतं घरात? एक पाटा आणि त्यावरची अण्णांची ती चाल. त्यातली चाल मी नेऊन लोकांना दिली, आणि आता ती घरातून गेली. मला ते सहन होईना. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले. "अण्णा, मी तुम्हाला विचारलं नाही. सरांना खोटं सांगितलं, विचारलं म्हणून. दोनदा." ते वाटत राहिले. वाटून झाल्यावर चटणी वाटीत काढली, पाटा धुतला, आणि मग म्हणाले, "उद्या चार वाजता प्रेसमधी ये."

चार वाजता प्रेसमध्ये मशीन बंद होतं. गुरुवारी जुळवत होते ती लग्नपत्रिका छापून झाली होती. आता तिचे खिळे सुटे करून एकेक परत आपापल्या खणात टाकायचं काम चाललं होतं. वधू, वर, चिरंजीव, आशीर्वाद, सगळं मोडून पुन्हा नुसती अक्षरं. बोटं आपोआप चालत होती. अण्णांनी मला स्टूल दिलं आणि काही न सांगता गायला लागले. नोरे हाले, नोरे हाले, लोमि ना रे. माझ्या ओळखीची चाल, शेवटच्या ठिकाणापर्यंत आली, जिथं चटणी संपायची, जिथं सर आम्हाला गप्प करायचे. आणि थांबली नाही. तिथून ती एकदम खाली उतरली, जरा घुटमळली, आणि मग एवढी वर गेली की अण्णांचा आवाज फाटला. मग हळूहळू परत घरी आली. मी हे कधीच ऐकलं नव्हतं.

"आर्धंच नेलंस तू," अण्णा म्हणाले. "परवा तिथं बसल्याजागी जीव असा अडकला. इतक्या लोकांनी मिळून आन् आर्धंच. उठून पुढचं म्हणावं वाटलं. म्हणून तर भाईर गेलो."

मी विचारलं, "हे तुम्ही आईसाठी केलंत?"

"पहिलं आर्धं तिचंच हाय." त्यांनी एक मूठ खिळे उजेडात धरून बघितले. "पहाटं पाट्यावर बसली का म्हणायची, तू निजलेली असायचीस. चटणी झाली का थांबायची. मी म्हणायचो, गया, पुढं? तर म्हणायची, पुढं काय, भाकरी." ते हसले. "ती गेल्यावर पुढचं मी केलं. हितं, खिळे टाकता टाकता. घरी नाय होत ते."

"मग बोल का नाही घातले? तुम्हाला तर..."

"लई घातले. रातीतून उठून लिहिले. या बोटाखालून एवढी अक्षरं गेली, विशू, त्यातलं एकबी तिला बसंना. कुठलंबी घातलं का ती थोडी कमी व्हायची. मग सोडून दिलं." त्यांनी मुठीतले खिळे टक टक खणात टाकले. मग म्हणाले, "तू मला विचारलं नाय म्हणून काल राग आला होता. पण मी तरी तिला कवा विचारलं?"

बुधवारी मी सगळ्यांसमोर सरांना खरं सांगितलं. सर ओरडले नाहीत. त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं, वही काढली आणि म्हणाले, "मग हे गाणं आपलं नाही." कचरू, पोस्टातले काका, नर्सबाई, सगळे खाली बघत होते. तेवढ्यात दारातून अण्णा आत आले. मला सायकलवर सोडून गेले असतील असं मला वाटलं होतं, पण ते बाहेरच उभे राहिले होते. "सर, आवाज माझा नाय," ते म्हणाले. "मालकिणीचा हाय. आन् ती आता नाय. कुणाला विचारू, तेवढं सांगा."

सरांनी अण्णांना खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? त्या काय म्हणाल्या असत्या?"

अण्णांनी आमच्याकडे एकदा नजर फिरवली. "ती म्हणली असती, एवढ्या मानसांचा चहा कोण करनार."

सगळे हसले, सरही हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. मग वही उघडली. माझ्या ओळीतलं 'वडील' खोडून तिथं 'गयाबाई' लिहिलं. तिसऱ्या रकान्यातली माझी खोटी खूण खोडली आणि ती जागा तशीच रिकामी ठेवली. ती वही आता माझ्याकडे आहे. सर गेल्यावर बुधवारची तालीम मी घेते, आवाज आणणाऱ्या प्रत्येकाला आधी घरी विचारायला पाठवते, आणि माझा हा किस्सा सांगायला लाजत नाही. आख्ख्या वहीत ती एकच जागा रिकामी आहे. त्या दिवशी अण्णांनी आम्हाला पुढचं अर्धं शिकवलं. "आरं, वरवंटा पुढं जातो तसा मागंबी येतो, घाई करू नका," असं म्हणत खालच्यांना पाच-सहा वेळा परत म्हणायला लावलं, आणि जाताना सरांना बजावून गेले, "बोल तेवढे घालू नका कधी." मला मात्र 'काय गातीस' म्हणून त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. आत्या परातीत पीठ मळत होती. अण्णा पाट्यावर बसले आणि वरवंट्याबरोबर चाल सुरू झाली. मिरच्या वाटल्या, लसूण वाटला, शेंगदाणे वाटले. चटणी झाली. त्यांनी बोटानं पाटा निपटला, वाटी बाजूला ठेवली, वर पाणी ओतलं. आत्याचा हात परातीत थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. पाटा धुऊन झाला, भिंतीला उभा करून झाला, तरी अण्णा गातच होते.